दाबून बसवलेला डोंगर

डोझर आदल्या संध्याकाळीच येऊन फाटकाबाहेर उभा राहिला होता, आणि तेव्हापासून बाबांनी त्या बाजूच्या खिडकीकडे पाठ केली होती. सकाळी चहाला बसतानासुद्धा त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली. त्यांच्या मुलाने, नानाने, आपली खुर्ची उचलून बाबांच्या शेजारी नेऊन ठेवली. नानाच्या बहिणीने, ताईने, ते पाहिलं आणि समजायचं ते समजली. या घरात कोण कोणाच्या बाजूला आहे हे तोंडाने सांगायची पद्धत नव्हती. खुर्च्या कुठे सरकतात तेवढं पाहायचं.

धाकटा भाऊ छोटू अजून तिच्या बाकावर होता. चाळिशी ओलांडलेला, दारातून आत येताना मान वाकवावी लागणारा हा माणूस दवाखान्यात एक्स-रे काढायचा, आणि तिथले पेशंटही त्याला छोटूच म्हणत. ताईने त्याला मुद्दाम रजा काढायला लावली होती. नानाची बायको ओट्याशी उभी राहून पाव कापत होती. बाबांच्या तोंडून ऐकून ऐकून सगळं घर तिला सूनबाई म्हणायचं, नवरासुद्धा. ती अजून कुठेच बसली नव्हती, त्यामुळे तिचं काय ते कळायला मार्ग नव्हता.

गोष्ट म्हटली तर एवढीच होती. घरामागच्या डोंगराचा माथा खोल नांगरून मोकळा करायचा आणि त्यावर जंगल लावायचं. डोंगर सगळ्यांच्या सामाईक मालकीचा. खाणीने तो ताब्यात घेऊन वरून फोडला होता, पोटातला कोळसा काढला होता, आणि खाण संपल्यावर उरलीसुरली माती रचून तो घरच्यांना परत दिला होता. बाबा, त्यांची तिन्ही मुलं आणि थोरल्या काकू, एवढ्यांचा होकार लागत होता. एकाने नाही म्हटलं तरी वनीकरण संस्थेचा डोझर आल्या वाटेने परत जाणार होता. आणि तो वाट बघत बसणाराही नव्हता. जमीन कोरडी आहे तोवरच हे काम; ओल्या मातीवर एवढं धूड फिरलं तर माती मोकळी व्हायच्या ऐवजी आणखी घट्ट बसते. पुढच्या आठवड्यात मशीन दुसऱ्या खाणीवर जायचं होतं आणि त्यानंतर ते कधी मिळेल ते कोणीच सांगत नव्हतं.

डोंगर म्हणायचं तेही आता सवयीने. वर जाऊन पाहिलं तर तो टेबलासारखा सपाट होता, आणि तसा तो बाबांनी केला होता. खाणीच्या शेवटच्या काळात डोझरवर तेच असायचे. माती पसरायची, दाबायची, पुन्हा पसरायची, पुन्हा दाबायची. बाकीचे ड्रायव्हर एका फेरीत हात झटकून मोकळे व्हायचे तिथे बाबा उन्हं उतरेपर्यंत मागेपुढे करत राहायचे. त्यांचं नावच सपाटमास्तर पडलं. मग वरून कुठल्याशा चिवट गवताचं बी टाकलं गेलं, डोंगर हिरवा दिसायला लागला, आणि खाण बंद करायला आलेली साहेब मंडळी बाबांचा हात हातात घेऊन कौतुक करून गेली.

इतकं दाबायला कारण होतं. काकूंचा एकुलता एक मुलगा, ज्याला सगळे कुरळ्या म्हणत, त्याच डोंगराच्या पूर्वेच्या उताराखाली गेला होता. खाण चालू असताना तिथे सैल माती नुसती ओतून ठेवलेली असायची. ती पाण्याने फुगली आणि एका दुपारी खालच्या रस्त्यावर आली. कुरळ्या टँकर घेऊन त्याच रस्त्याने चालला होता. त्याला बाहेर काढणाऱ्यांत बाबा होते. त्यानंतर बाबांनी घरात सांगून टाकलं की या डोंगरावरची चिमूटभर मातीही पुन्हा हलू द्यायची नाही, हा माझा वहिनींना शब्द आहे. त्या शब्दाला घरात कोणी कधी हात लावला नाही. काकूंनाही कोणी त्याबद्दल विचारलं नाही.

नानाने सुरुवात केली. त्याचं गाड्यांच्या दुरुस्तीचं गॅरेज होतं, आणि चालणाऱ्या यंत्राला हात लावायचा नाही हे त्याचं सगळ्याच बाबतींत तत्त्व होतं. गवत धरलंय, शेजाऱ्याच्या मेंढ्या चरताहेत, डोंगर गप्प आहे, तर गप्प बसलेल्याला डिवचायचं कशाला, असं त्याचं म्हणणं. झाडंच हवीत तर खड्डे करून लाव की, कोण अडवतंय तुला.

ताई म्हणाली की लावली होती. हे नानाला माहीत होतं, पण तिने पुन्हा सांगितलं. संस्थेची रोपवाटिका तिच्याच हाताखाली होती. तिथली चांगली जोमदार रोपं निवडून तिने मागे माथ्यावर लावली होती. पहिल्या वर्षी ती तगली, दुसऱ्या वर्षी खुरटली, मग एकेक करून वाळून गेली. त्यातलं एक उपटून तिने आज वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं होतं. तिने ते टेबलावर उलगडलं. मुळं खाली गेलीच नव्हती. खड्ड्याच्या भिंतीला धडकून ती गोल गोल फिरत राहिली होती, कुंडीत अडकल्यासारखी, आणि शेवटी आपल्याच गळ्याभोवती आवळली गेली होती.

बाबांनी मान वळवली नाही. "नीट लावली नसतील," ते म्हणाले.

ताईला ते लागलं. उभा जन्म तिने रोपं लावण्यात घालवला होता. पण ती तिथे घुटमळली नाही. तिने माश्यांचा विषय काढला. मधमाशी म्हटलं की आपल्याला पोळं आठवतं, पण रानातल्या बहुतेक माश्या पोळं करतच नाहीत, ती म्हणाली. प्रत्येक मादी एकटीच मातीत बारीक बीळ करते, त्यात परागाचा गोळा साठवते, त्यावर अंडं घालते. डोंगरावर आज ना तिला खायला फूल आहे, ना बीळ करायला जागा. रस्त्याच्या डांबरात कोणी बीळ करतं का. माती मोकळी झाली की तिथे वाळुंजाची झाडं लावू, ती थंडी सरता सरता फुलतात. मग रानचेरी, मग रानगुलाबाची झुडपं, मग उशिरा फुलणारी. वर्षातून बराच काळ काही ना काही फुललेलं राहील, आणि माशी परत येईल.

"माश्यांसाठी डोंगर फोडायचा," नाना छताकडे बघत म्हणाला.

तेव्हा छोटू बोलला. त्याला घरात विनोदी समजत, म्हणून तो गंभीर बोलला की लोकांना कळायला वेळ लागायचा. "बाबा, मोडलेल्या हाडाला प्लास्टर घालतात ते बरोबरच आहे. पण प्लास्टर कायमचं ठेवलं तर सांधा धरतो. मग तो माणूस चालत नाही."

बाबांनी पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं. "तू त्या दिवशी कुठे होतास?"

छोटू तेव्हा शाळेत होता.

"मी त्याला बाहेर काढलाय," बाबा म्हणाले. "हाडांचं मला सांगू नकोस."

छोटूने मान खाली घातली. मग तो उठला, कप घेऊन टेबलाला वळसा घालून गेला आणि बाबांच्या खुर्चीमागे उभा राहिला. त्याने ताईकडे माफी मागितल्यासारखं पाहिलं, पण परत आला नाही. बाकावर ताई एकटी उरली. ताईला वाटलं, संपलं. एवढं सगळं जुळवून आणलं आणि घोडं अडलं ते आपल्याच स्वयंपाकघरात.

सूनबाईने सुरी खाली ठेवली. पदराला हात पुसले, चार पावलं चालली आणि छोटूच्या रिकाम्या जागेवर येऊन बसली. नानाचा कप तोंडाशी तसाच राहिला.

खालच्या शेतात सूनबाई भोपळे लावायची. भोपळ्याचं नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. एकाचा पराग दुसऱ्यापर्यंत नेणारी माशी नसेल तर कोवळा भोपळा पिवळा पडून गळून जातो. बहराच्या दिवसांत ती भल्या सकाळी रंगकामाचा बारीक ब्रश घेऊन फुलाफुलाशी वाकायची, आणि ऊन चढून फुलं मिटली की कमरेला हात लावून घरी यायची.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "दरवर्षी तुम्ही मला सांगता, यंदा येतील माश्या. कुठून येतील तेवढं आज सांगा. या सगळ्यांसमोर सांगा."

नानाकडे हुकमाचं पान होतं. तो म्हणाला की हे सगळं आपण बोलून उपयोग नाही, ज्यांचं गेलं त्यांना विचारायला हवं, आणि मी काकूंना बोलावणं धाडलंय. ताईने त्याच्याकडे बघितलं. काकूंना तिला आज मध्ये आणायचं नव्हतं. त्यांच्याकडे ती एकटी, सवडीने जाणार होती.

काकू आल्या. शेजारच्याच घरात राहायच्या त्या. खाणीतल्या कामगारांचे कपडे शिवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती; अजूनही बोलताना समोरच्याच्या खांद्याचं माप घेतल्यासारखं बघायच्या. नवरा गेल्यावर त्या आणखी कमी बोलायला लागल्या होत्या, पण बोलल्या की वाक्य उसवता यायचं नाही. त्या टेबलाच्या टोकाशी बसल्या. चहा नको म्हणाल्या. कशासाठी बोलावलंय ते त्यांनी नानाकडून ऐकून घेतलं, ताईकडून ऐकून घेतलं, टेबलावरची ती वाळकी मुळं बोटाने उलटून पाहिली.

"माझं ‘नाही’ आहे," त्या म्हणाल्या. "माश्या येतील, झाडं येतील, सगळं खरं असेल. मला वर सैल माती नको. पूर्वेच्या खिडकीत मी झोपते, तुम्ही नाही झोपत."

नानाने मोठा श्वास सोडला. जिंकल्याचा आनंद मात्र त्याच्या चेहऱ्यावर दिसला नाही, एवढं ताईने त्याच्या बाजूने मनात धरलं. बाबा तसेच बसून होते.

ताईकडे अजून एक गोष्ट शिल्लक होती आणि ती बोलायची नाही असं तिने ठरवलं होतं. गेल्या पावसाळ्यात भर पावसात ती एकदा माथ्यावर गेली होती. दाबलेल्या मातीत पाणी मुरतच नव्हतं. सगळ्या माथ्यावरचं पाणी एकत्र होऊन गवताखालून पूर्वेच्या कड्याकडे धावत होतं आणि कडा खात होतं. ज्या उतारापासून सगळ्यांना वाचवायला बाबांनी डोंगर दाबला होता, तोच उतार त्या दाबण्यामुळे आतून सुटत चालला होता. हे संस्थेतल्या लोकांना तिने सांगितलं होतं. घरात सांगितलं नव्हतं. बाबांच्या हयातीत त्यांच्या तोंडावर हे बोलणारी आपण कोण, असं तिला वाटायचं; मुळं दाखवून, माश्या दाखवून काम झालं तर बरं. आता ते होत नव्हतं. तिने बाबांच्या पाठीकडे पाहिलं. सदऱ्याखाली खांद्यांची हाडं वर आली होती.

"काकू, तुमचा नकार मला मान्य आहे," ती म्हणाली. "पण तो इथे बसून नका देऊ. एकदा वर येऊन द्या."

कुरळ्या गेला त्या दुपारनंतर काकू डोंगरावर गेल्या नव्हत्या. सगळ्यांना माहीत होतं ते. बाबा ताडकन उठले आणि म्हणाले की वहिनींना तिथे न्यायचं नाही, हे मी चालू देणार नाही, तुला काय बोलायचं ते मला बोल.

काकूंनी चप्पल पायात सरकवली. "भावजी, माझे पाय मला विचारून चालतात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला यायचं असेल तर या."

नानाच्या गॅरेजची पिकअप निघाली. काकू पुढे बसल्या, बाकीचे मागे, ताईने चढवलेल्या पाण्याच्या कॅनना आणि पहारीला धरून. बाबा मागे बसले पण सगळ्यांत कडेला, आणि रस्ताभर ते पायांकडे बघत राहिले. फाटकाबाहेर डोझर चालवणारी बाई त्याच्या सावलीत बसून डबा खात होती. तिने हात हलवला. कोणी उलट हात हलवला नाही, शेवटी छोटूने हलवला.

माथ्यावर वारा होता. गवत सगळीकडे सारखंच, गुडघ्याएवढं, आणि त्यात काही म्हणजे काही आवाज नव्हता. ताईने छोटूला पहार मारायला सांगितलं. अंगापेरानं एवढा मोठा माणूस, त्याने दोन्ही हातांनी पहार उचलून घातली. ती खणकन वाजली आणि बशीएवढा टवका उडाला. त्याने पुन्हा घातली, मग हात चोळत उभा राहिला. मग ताईने नानाला कॅन ओतायला सांगितलं. त्याने कुरकुरत ओतला. पाणी काही वेळ तिथेच साचलं, आरशासारखं. मग त्याला वाट सापडली आणि गवताच्या बुडातून एक बारीक धार सरकायला लागली.

"दुसरा ओत," ताई म्हणाली.

काकू धारेच्या मागे चालायला लागल्या. कोणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. पाणी पूर्वेकडे चाललं होतं आणि त्या मान खाली घालून, साडी जराशी उचलून, त्याच्या मागोमाग जात होत्या. सगळे त्यांच्या मागे. कॅन संपायच्या आत धार कड्याशी पोचली आणि दिसेनाशी झाली. काकूंनी गुडघे टेकून गवत बाजूला केलं.

तिथे घळ होती. माणूस उभा राहील एवढी खोल, डोंगराच्या कडेत आत घुसलेली. ताईला ती असणार हे माहीत होतं. पावसात ती गढूळ पाण्याने भरलेली तिने पाहिली होती. कोरडी असताना तिच्या आत काय आहे ते मात्र तिने पाहिलं नव्हतं. आत दगड होते. पाण्याने आणून टाकलेले नव्हेत, रचलेले. खालचे शेवाळून काळे झालेले, त्यांवर त्याहून नवे, अगदी वरचे तर स्वच्छ. प्रत्येक दगड शेजारच्याला नीट टेकवून बसवला होता, भिंत बांधावी तसा. तरी त्यांच्या बाजूने पाण्याने पुन्हा वाट काढली होती आणि काही दगड खाली गडगडून गेले होते.

नाना वाकून बघत राहिला. घरामागचा दगडी बांध वर्षानुवर्षं ढासळत होता, आणि मेंढ्या त्यावर चढतात म्हणून त्याचं शेजाऱ्याशी कितीदा वाजलं होतं. ते दगड त्याने ओळखले. तो सरळ झाला आणि बाबांकडे बघायचं टाळून दुसरीकडेच बघू लागला.

बाबा मागे, बरेच लांब थांबले होते.

"तुम्हाला माहीत होतं," काकू म्हणाल्या.

"घळ वाढते," बाबा म्हणाले. "मी भरतो. ती परत वाढते."

"एकटे वाहत होतात हे?"

बाबांनी खांदे हलवले.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं, वहिनी? तुम्हाला शब्द दिला होता, माती हलू देणार नाही म्हणून. तुम्ही निर्धास्त झोपत होतात. उठवून सांगू?"

काकू घळीच्या काठावरून उठल्या. गुडघ्यांची माती झटकली. ताईला वाटलं आता त्या रडतील किंवा रागावतील, पण त्यांचा आवाज नेहमीचाच होता, टाका घालताना असावा तसा.

"तुम्ही शब्द दिलात, मला आठवतसुद्धा नाही. त्या दिवसांत कोण येऊन काय बोललं त्यातलं काहीच माझ्या डोक्यात राहिलेलं नाही. मी मागितला नव्हता एवढं मात्र नक्की. त्या खिडकीतून हे हिरवं बघताना मला वाटायचं, हे असं सपाट करून भावजींच्या जिवाला जरा बरं वाटतं, तर असू दे. मला ते कधीच आवडलं नाही. वर काही हलत नाही, काही उडत नाही. पण तुमच्यासाठी म्हणून मी ते बघत राहिले." त्या थांबल्या. "आणि तुम्ही माझ्यासाठी म्हणून दगड वाहत राहिलात. आपण दोघं काय शहाणे आहोत, भावजी."

बाबा खाली बसले. जिथे होते तिथेच. छोटू पुढे झाला, पण ताईने त्याला हाताने थांबवलं आणि ती स्वतः जाऊन त्यांच्यासमोर उकिडवी बसली. जे बोलायचं ते आता त्यांच्याकडे बघूनच बोलायला हवं होतं.

"बाबा, तुम्ही दाबलंत म्हणून तेव्हा डोंगर थांबला. आज तेच दाबणं सगळं पाणी कड्यावर ढकलतंय. दोन्ही खरं आहे. वर पाणी मुरायला लागलं तर कड्याला ते पोचणारच नाही."

काकूंनी विचारलं, माती परत खाली येणार नाही असं ताई छातीठोक सांगू शकते का. सगळे ताईकडे बघायला लागले. हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही," ताई म्हणाली. "कड्याला मी हात लावणार नाही. आत, जिथे सपाट आहे तिथेच नांगरायचं, आणि तेही उताराला आडवं, म्हणजे पाणी चरांत थांबेल. मुळं धरायला वर्षं लागतील. तोवर दर पावसाळ्यात मी इथे येऊन उभी राहीन आणि बघीन. याच्यापुढचा शब्द मी देत नाही."

"बरं केलंस," काकू म्हणाल्या. "या घरात शब्द फार झाले. माझं हो आहे."

छोटू म्हणाला की त्याचं सकाळीच हो होतं, मध्ये तो जरा पाणी प्यायला गेला होता. सूनबाई हसली. नाना तेवढा राहिला. त्याने पायाने एक ढेकूळ ढकललं, मेंढ्या कुठे चरतील ते विचारलं, पश्चिमेची पट्टी गवताची ठेवू असं ताईने सांगितल्यावर बांध कोण बांधून देणार तेही विचारलं, आणि मग म्हणाला की मी हो म्हणतोय ते काकूंना, तुला नाही.

"चालेल," ताई म्हणाली.

बाबांनी हो म्हटलंच नाही. ते छोटूच्या हाताला धरून उठले, कपड्यांना लागलेलं गवत काढलं आणि खाली जाणाऱ्या वाटेने एकटेच चालायला लागले. पिकअपमध्ये बसा म्हणून सूनबाईने दोनदा हाक मारली, त्यांनी ऐकलं नाही. सगळ्यांचा होकार लागतो, आणि ज्याने हा माथा हाताने घडवला तोच पाठ फिरवून चालला होता. ती वरून बघत राहिली. बाबा फाटकाशी पोचले. डोझरच्या सावलीत बसलेल्या बाईसमोर उभे राहिले, काहीतरी बोलले, हाताने वरचा रस्ता दाखवला. ती उठली, डबा बंद करून कॅबमध्ये चढली. इंजिनाचा धूर वर आला आणि बाबा मशीनच्या पुढे पुढे चालत परत डोंगर चढायला लागले, हाताने तिला वळणं दाखवत.

पुढे त्या माथ्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि जे झालं ते काही सरळ झालं नाही. थंडीत रोपं निजलेली असताना लावली गेली. पहिल्या वर्षी नुसतं पिवळ्या फुलांचं तण माजलं आणि नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला ते जंगल म्हणून दाखवायचा. उत्तरेच्या कोपऱ्यातली झाडं दोनदा मेली आणि दोनदा परत लावावी लागली. घळ आपोआप काही भरली नाही. ताईने आणि बाबांनी मिळून ती भरली, आणि तेव्हा कुठे दगड जागेवर राहिले. वाळुंज फुलल्यावर पहिला भुंगा कोणी पाहिला यावरून घरात अजून वाद आहे. सूनबाई म्हणते तिने पाहिला. छोटूकडे पुरावा म्हणून एक फोटो आहे, त्यात नुसता एक केसाळ ठिपका दिसतो. ब्रशाशिवाय धरणारे भोपळे कोणाच्या बाजूचे आहेत ते मात्र नक्की झालं आहे.

पण त्या दिवशी संध्याकाळी यातलं काहीच नव्हतं. होता तो फक्त आवाज. डोझरच्या मागचे लोखंडी दात जमिनीत उतरले की आधी काहीच व्हायचं नाही, मशीन नुसतं कण्हायचं, आणि मग एकदम पायांखालून तडकल्यासारखा आवाज यायचा आणि माती उलटून वर यायची. मोठमोठी ढेकळं, आत काळसर, कोरडी. इतकी वर्षं जी हवा लागली नव्हती ती लागल्यावर तिला एक थंड वास सुटला. बाबा कान देऊन ऐकत उभे होते. एकदा ते ताईला म्हणाले, "बाई चांगली चालवते," आणि तेवढंच म्हणाले.

उन्हं कलली तेव्हा मशीन थांबलं. समोर नांगरलेली पट्टी पसरली होती, आणि तिच्या अलीकडे सगळे रांगेत उभे होते. पुढे कोणी पाऊल टाकत नव्हतं. नवीन मातीवर आपलं वजन टाकायला सगळेच बिचकत होते, ताईसुद्धा.

काकूंनी चपला काढल्या. साडी घोट्यावर घेतली आणि त्या मातीत उतरल्या. पाय घोट्यापर्यंत आत गेला. त्या थांबल्या. बाबा नकळत पुढे झाले, पण काकूंनी मागे न बघता हात वर केला, तसे ते जागीच राहिले. काकूंनी तो पाय ओढून बाहेर काढला, पुढे टाकला, तोही आत गेला, मग दुसरा. ढेकळं त्यांच्या वजनाने फुटत होती आणि त्या हात जरासे पसरून, तोल सांभाळत, एकेक पाऊल टाकत चालल्या होत्या. पट्टी ओलांडून त्या पलीकडच्या गवताशी पोचल्या. तिथे उभ्या राहून त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि अजून न उलटलेल्या माथ्याचं, कापडाचं घ्यावं तसं, या टोकापासून त्या टोकापर्यंत माप घेतलं.

"ताई," त्यांनी तिथूनच हाक मारली, "इकडचंही बरंच राहिलंय. त्या बाईला म्हणावं, उद्या सकाळी लवकर ये."